गिरनारच्या पायथ्याचे पद आणि येरवड्याची प्रार्थना

'वैष्णव जन तो' हे नरसी मेहतांचे पद मी पहिल्यांदा कोठे ऐकले हे मला सांगता येणार नाही. शाळेच्या प्रार्थनेत ऐकले असेल, रेडिओवर ऐकले असेल. ते गुजराती आहे हेदेखील मला पुष्कळ उशिरा कळले. ते ऐकताना पहिल्यांदा अडखळलो तो प्रसंग मात्र पक्का लक्षात आहे. काही वर्षांपूर्वी मी शिकवतो त्या महाविद्यालयात २ ऑक्टोबरचा कार्यक्रम होता. मुलींनी पद म्हटले. मराठीचा प्राध्यापक म्हणून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्याचे दुःख जाणतो तो खरा वैष्णव, असे मी नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत सांगून टाकले. कार्यक्रम संपल्यावर वसतिगृहात राहणारी, आपल्यातलीच एक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, ज्याचं दुःख आहे तो माणूस ह्या गाण्यात कुठं आहे?"

मी काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हते हे तिला कळले आणि मलाही कळले.

तिच्या प्रश्नाने मला ते पद पुन्हा वाचायला लावले. वाचताना प्रथम जाणवते ते असे की हे पद म्हणजे एक व्याख्या आहे. वैष्णव कोणाला म्हणावे, एवढाच त्याचा विषय. जो परपीडा जाणतो, उपकार करून मनात अभिमान येऊ देत नाही, सर्वांना वंदन करतो, कोणाची निंदा करीत नाही, ज्याची वाणी, वर्तन आणि मन स्थिर आहे, जो परस्त्रीला आई मानतो, खोटे बोलत नाही, परधनाला हात लावत नाही, जो निर्लोभी आहे, निष्कपट आहे, त्याची आई धन्य होय. आणि अशा माणसाच्या दर्शनाने एकाहत्तर कुळे तरून जातात. या यादीत टिळा नाही, माळ नाही, जन्म नाही. वैष्णवपण आचरणावर ठरते, कुळावर नाही, हा या पदाचा गाभा. पंधराव्या शतकातल्या सौराष्ट्रात ही गोष्ट लहान नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण त्या मुलीचे म्हणणेही खरे आहे. पदातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता वैष्णव आहे. जाणतो तो, करतो तो, वंदितो तो. ज्याची पीडा जाणायची तो फक्त 'परका' आहे. तो पदात येतो तो त्या एका विशेषणापुरता. त्याला तोंड नाही, नाव नाही, वस्ती नाही. त्याची पीडा कशाची, ती कोणी दिली, याचा उच्चार नाही. जातीचा तर नाहीच नाही.

आता गंमत अशी (गंमत हा शब्द येथे बरा नव्हे, पण दुसरा सुचत नाही) की ज्या कवीच्या नावावर हे जातिनिरपेक्ष पद आहे, त्याच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग जातीचाच आहे.

नरसी मेहता हे गुजरातीचे आद्य कवी. तळाजाचा जन्म, जुनागढचे वास्तव्य, जातीने नागर ब्राह्मण. परंपरेने त्यांचा काळ पंधरावे शतक मानला आहे; कन्हैयालाल मुन्शींनी तो सोळाव्या शतकात ओढला आणि त्यावर वाद झाला. त्यांच्या हयातीतील एकही हस्तलिखित आपल्याजवळ नाही. पदे गळ्यांतून गळ्यांत आली, पुढे वह्यांत उतरली, आणि १९१३ मध्ये इच्छाराम सूर्यराम देसाई यांनी मुंबईहून त्यांचा मोठा संग्रह छापला. तेव्हा अमुक पद नरसींनी स्वतः रचले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा एका परंपरेने ते त्यांचे मानले एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. माझ्या मुद्द्याला तेवढे पुरे आहे. मी नरसींच्या चरित्राविषयी लिहीत नसून कोणते पद कोणी उचलले आणि कोणते ठेवून दिले याविषयी लिहीत आहे.

महाराष्ट्राला नरसी परके नाहीत. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त त्यांची कथा आहे, आणि कीर्तनकारांनी हुंडीचे आख्यान गावोगाव पोचवले आहे. 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीसच १९४० च्या 'नरसी भगत' चित्रपटात नरसी झाले. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला दोन्ही संतांचा चेहरा एकच दिसला. पण हुंडीचे नरसी निराळे आणि गिरनारचे नरसी निराळे. हुंडीत देव भक्ताची पत राखतो. गिरनारच्या पायथ्याला जे घडले त्यात पत जाते.

ती हकीकत सांगणारे पद परंपरेत आहे. नरसी दामोदर कुंडावर स्नानाला जात. तेथे एका अस्पृश्य जातीचे लोक त्यांच्या पाया पडले. पदात त्या जातीचे नाव स्पष्ट आहे, ढेड. आपल्याकडे हा शब्द शिवी म्हणून वापरला गेला आहे आणि तिकडेही तो मानाचा नाही. पदात आहे म्हणूनच मी तो लिहितो. ते लोक हात जोडून म्हणाले, आमच्या अंगणात कीर्तन करा. नरसी म्हणाले, जेथे भेदभाव तेथे परमेश्वर नाही, समदृष्टीला सगळे सारखे. रात्री ते गेले. पहाट होईपर्यंत भजन चालले. सकाळी टाळमृदंग वाजवीत ते घरी परतू लागले, तेव्हा नागर एकमेकांच्या हातावर टाळ्या देत हसले: हे कसले ब्राह्मणाचे वागणे! नरसी काही बोलले नाहीत. लोकांनी विचारले तेव्हा एवढेच म्हणाले की मला जातपात समजत नाही, मला वैष्णवांचा आधार आहे.

येथे जरा थांबावे. या पदात पहिले बोलतो कोण? अस्पृश्य बोलतात. हाक त्यांची आहे, अंगण त्यांचे आहे. नरसी हाक ऐकून जातात. म्हणजे दुःख असलेला माणूस 'वैष्णव जन'मध्ये जो नाही, तो येथे आहे. त्याला जात आहे, वस्ती आहे आणि मागणी आहे. आणि शेवटी नरसी ज्या वैष्णवांचा आधार म्हणतात ते कोण? त्या सकाळी नागर तर हसत उभे होते. आधार देणारे वैष्णव रात्रभर ज्यांच्या अंगणात बसले तेच असणार, असे मला वाटते. हे वाचन मान्य केले तर 'वैष्णव कोणाला म्हणावे' या प्रश्नाला एक अगदी वेगळे उत्तर मिळते. वैष्णव म्हणजे परपीडा जाणणारा सज्जन एवढेच नव्हे. ज्याला पीडा आहे तोच वैष्णव, आणि ब्राह्मण कवी त्याच्या आधाराने उभा आहे.

मात्र आपण दलित समीक्षा करतो म्हणून संतांपुढे हात जोडून थांबत नाही. याच पदात, समदृष्टीचे वाक्य उच्चारल्यावर लगेचच, नरसी त्या लोकांना सांगतात की गोमूत्राने जागा सारवा, तुळस लावा. परमेश्वराजवळ भेद नाही हे सांगणाऱ्या तोंडातूनच त्या अंगणाच्या शुद्धीची अट येते. कोणी म्हणेल, कीर्तनाची ती रीतच होती, ब्राह्मणाच्या अंगणातही सारवण होतेच. असेल. पण ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्यांना सारवायला सांगणे आणि ब्राह्मणाला सारवायला सांगणे ही एक गोष्ट नव्हे. समता देवाजवळ मान्य झाली, जमिनीवर मात्र गोमूत्र शिंपडावे लागले. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या वादात, गांधीजींना उत्तर देताना, संतांविषयी जे म्हटले होते ते येथे तंतोतंत लागू पडते: संतांनी माणसे देवाच्या दृष्टीने समान मानली, माणसे माणसांशी समान आहेत यासाठी ते झगडले नाहीत.

तंतोतंत, असे लिहिले खरे. पण पूर्ण नव्हे. कारण नरसी गेले. रात्रभर बसले. देवाच्या दृष्टीपुरते ते राहिले असते तर नागरांना हसण्याचे कारण नव्हते. जातीला बोचते ते बसणे आणि खाणे. विचार तिला सहसा बोचत नाही. नरसींना जातीच्या पंगतीतून दूर केले गेले असे परंपरा सांगते. त्यावर एक दंतकथाही रचली गेली. नागरांची पंगत बसली तेव्हा प्रत्येक नागराला आपल्या शेजारी एकेक अस्पृश्य बसलेला दिसू लागला आणि सगळे घाबरून उठले. ही कथा नरसींच्या बाजूची म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना प्रश्न पडतो. देवाने नागरांना दिलेली शिक्षा कोणती, तर शेजारी आम्ही बसलेले दिसणे! आणि तेही खरेखुरे नव्हे, भासापुरते. त्या पंगतीत खरा भुकेला अस्पृश्य एकही जेवला नाही.

याच प्रसंगाशी जोडले जाणारे आणखी एक पद आहे. त्यात नरसी जातभाईंना उत्तर देतात. भक्ती केल्याने मी भ्रष्ट होत असेन तर होऊ द्या, तुम्ही म्हणता तसाच मी आहे, वाइटाहून वाईट म्हणा. आणि जो हरीच्या जनांत अंतर पाडील त्याचा जन्म फुकट गेला. 'हरिजन' हा शब्द तेथे येतो. त्या शब्दात तेव्हा नरसी स्वतः आहेत, रात्रभर भजन म्हणणारे वस्तीतले लोक आहेत, हरीचा कोणताही भक्त आहे. भ्रष्ट ठरलेला ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यामधली रेघ पुसण्यासाठी तो शब्द तेथे वापरला आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याच शब्दाने रेघ ओढली.

आता विसाव्या शतकात येऊ. हे पद आज देशाचे म्हणून ओळखले जाते ते गांधीजींमुळे. १९१५ मध्ये कोचरबच्या आश्रमात त्यांनी दूदाभाई, दानीबहेन आणि त्यांची लहान मुलगी लक्ष्मी या अस्पृश्य कुटुंबाला घेतले, तेव्हा विहिरीवर शिव्या ऐकाव्या लागल्या आणि आश्रमाची मदत आटली. शेवटी एका धनिकाने तेरा हजार रुपये मोटारीतून आणून दिले, ही हकीकत त्यांनी आत्मकथेत दिली आहे. मदत बंद करणारे लोक वैष्णव होते, पैसेवाले वाणी होते. अशा वैष्णवांना गांधीजींनी नरसींचे पद आरशासारखे दाखवले. १९२० च्या डिसेंबरात 'नवजीवन'मध्ये वैष्णवांना उद्देशून त्यांनी लिहिले आणि त्यासाठी याच पदाचा आधार घेतला: यातले गुण तुमच्यात असतील तर अस्पृश्यता कशी पाळता? त्या काळच्या गुजरातेत हा धाडसाचा प्रश्न होता, हे नाकारण्यात मला काही स्वारस्य नाही. स्वतःच्या जातवाल्यांशी भांडताना गांधीजींनी हे पद योग्य ठिकाणी वापरले. ते पद आहेच सवर्णांशी बोलण्यासाठी.

आश्रमाच्या भजनांना शिस्त लावली ती आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाने. पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. साबरमतीच्या प्रार्थनेला सूर त्यांनी दिला, आश्रम भजनावली त्यांच्या हातून सिद्ध झाली. १२ मार्च १९३० ला दांडीची वाट धरणाऱ्या सत्याग्रहींत ते होते. त्या यात्रेबरोबर हे पद गुजरातेबाहेर गेले, आणि स्वराज्याच्या लढ्याचे गाणे झाले.

अडीच वर्षांनी ते येरवड्यात ऐकू आले, आणि माझ्या दृष्टीने या पदाच्या इतिहासातील खरा दिवस तो आहे.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. आपले प्रतिनिधी आपण निवडावेत आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत द्यावे, असे दुहेरी मत. वीस सप्टेंबरला गांधीजींनी त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केले. चोवीस तारखेला करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघांतील १४८ राखीव जागा आल्या. सव्वीस तारखेला ब्रिटिश सरकारची मान्यता आली आणि संध्याकाळी तुरुंगाच्या आवारात उपोषण सुटले. रवींद्रनाथ त्या वेळी हजर होते. त्यांनी या प्रसंगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यांनी स्वतः 'गीतांजली'तील गीत म्हटले, वेदपठण झाले, कस्तुरबांच्या हातून गांधीजींनी रस घेतला, आणि शेवटी साबरमतीच्या आश्रमवासीयांनी व जमलेल्या सर्वांनी 'वैष्णव जन' म्हटले. मग फळे आणि मिठाई वाटली.

मी हे वर्णन वाचले तेव्हा त्या मुलीचा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला. परपीडा जाणणाऱ्याचे गाणे. आणि ज्यांची पीडा होती त्यांनी बरोबर दोन दिवसांपूर्वी आपल्या हातातले एक साधन खाली ठेवले होते. ते का ठेवले? एका माणसाचा जीव वाचावा म्हणून. एका माणसाचा जीव गेला तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्यांवर काय ओढवेल हे बाबासाहेबांना दिसत होते. मग त्या आठवड्यात परपीडा कोणी जाणली? पदाची व्याख्या प्रामाणिकपणे लावली तर त्या संध्याकाळी वैष्णव कोणाला म्हणावे लागते? बाबासाहेबांना त्या पदवीची गरज नव्हती आणि ती त्यांना देण्याचा माझा हेतू नाही. पण गाणाऱ्यांना हा प्रश्न सुचला असेल असे वाटत नाही. गाणे म्हणणाऱ्याला नेहमीच गाण्यातला कर्ता आपण आहोत असे वाटते.

लगेच त्या सप्टेंबरच्या अखेरीस अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ठक्करांना एक लांब पत्र लिहिले. दलित समीक्षकांनी ते वाङ्मयीन पत्र म्हणूनही वाचावे असे मला वाटते. त्यात त्यांनी दोन मार्ग वेगळे केले. अस्पृश्य माणूस हीन आहे कारण त्याच्यात काही दुर्गुण आहेत, म्हणून त्याला सद्गुण शिकवा, हा एक मार्ग. त्याचे हाल त्याच्याभोवतीच्या समाजव्यवस्थेमुळे आहेत, म्हणून विहीर, शाळा, चावडी, वाहन यांच्यावरच्या हक्कासाठी झगडा, हा दुसरा. त्यांचा कौल दुसऱ्या मार्गाला होता. संघाने पहिल्याकडेच पावले टाकली, आणि व्यवस्थापनात अस्पृश्यांना स्थान नको, कारण हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, अशी गांधीजींची भूमिका राहिली. ऋण सवर्णांनी फेडायचे. मग धनको फेडणाऱ्यांच्या बैठकीत कशाला?

हा सगळा व्यवहार 'वैष्णव जन'च्या व्याकरणासारखाच आहे. कर्ता एक, क्रियापदे त्याची, आणि दुसरा माणूस विशेषणात.

नाव मात्र त्या दुसऱ्या माणसाला मिळाले. १९३१ मध्ये 'नवजीवन'मधून गांधीजींनी 'हरिजन' हा शब्द स्वीकारला. एका अस्पृश्य वाचकाने तो सुचवला आणि नरसी मेहतांनी तो वापरला आहे, असे त्यांनी सांगितले. ११ फेब्रुवारी १९३३ ला पुण्याहून त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. पहिल्या अंकासाठी संदेश मागितला तेव्हा बाबासाहेबांनी आशीर्वाद दिला नाही. जाती आहेत तोवर जातीबाहेरचे लोक राहणार, जात मोडल्यावाचून त्यांची सुटका नाही, असे मत कळवले.

नरसींच्या पदात जो शब्द सर्व भक्तांचा होता तो आता फक्त आमचा झाला. नरसी त्यातून बाहेर पडले. नागर तर कधी त्यात नव्हतेच. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने हा शब्द कायद्यात घालायचे ठरवले तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विचारले की आम्ही देवाची माणसे, तर मग स्पृश्य कोणाची माणसे, राक्षसांची? प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद बाबासाहेबांसह सभात्याग करून बाहेर पडले. गायकवाडांचा प्रश्न आपण विनोद म्हणून सांगतो. तो विनोद नव्हता. नरसींच्या त्या पदाचे एवढे अचूक वाचन त्या सभागृहात दुसऱ्या कोणी केले नव्हते: शब्द सर्वांचा असेल तर सर्वांना लावा, नाहीतर आम्हालाही लावू नका.

माझ्या वडिलांचा चौथीचा दाखला घरी पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर जातीच्या रकान्यात 'हरिजन' असे लिहिले आहे. त्यांची शाळा तेथेच संपली, त्यामुळे तो शब्द बदलून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. १९८२ मध्ये केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द वापरू नये असे राज्यांना कळवले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. एका पदातला शब्द एका माणसाच्या दाखल्यावर कसा येऊन बसतो, हे शिकवताना मी आता त्या दाखल्याचे उदाहरण देतो.

तर झाले ते असे. एकाच कवीच्या नावावर ही पदे होती. ज्या पदात सद्गुण होते आणि जात नव्हती, ते प्रार्थना म्हणून सवर्णांनी स्वतःकडे ठेवले. ज्या पदात तंटा होता, त्यातला एक शब्द तेवढा काढून आमच्या अंगावर घातला. आणि जे पद अस्पृश्यांच्या हाकेपासून सुरू होते, ज्यात त्यांचे अंगण आहे, नागरांचे हसणे आहे, ते गुजरातेत अभ्यासकांना आणि भजनीमंडळ्यांना ठाऊक राहिले. देशाच्या प्रार्थनेत त्याला जागा मिळाली नाही. २०१८ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षाला आरंभ झाला तेव्हा शंभरावर देशांतील कलावंतांकडून 'वैष्णव जन' गाऊन घेतले गेले. गिरनारचे पद कोणाकडून गाऊन घेणार? त्यात जातीचे नाव आहे.

आपल्याकडे चोखोबा शरणागत आहेत, देवाच्या दारातच थांबले आहेत, हा दलित समीक्षेने घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. तरीही चोखोबांचा अभंग वाचताना त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पडत नाही. दुःख कोणाचे हे तेथे विचारावे लागत नाही. बोलणारा आणि भोगणारा एकच आहे. सोयराबाई विटाळ देहात कोठे असतो हे विचारते ती स्वतःच्या देहाविषयी विचारते. कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. बाबासाहेबांनी १९४८ चा 'द अनटचेबल्स' नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला, त्याचे कारण मला येथे दिसते. गुजरातेतही गोंडलजवळच्या घोघावदरचे दासी जीवण झाले. चर्मकार जातीत जन्मलेले, भीमसाहेबांचे शिष्य. सौराष्ट्रात त्यांची भजने आजही रात्र रात्र गातात. नरसींचे नाव ऐकलेला मराठी वाचक त्यांचे नाव ऐकून आहे का? मी स्वतः हे वाचन सुरू करेपर्यंत ऐकले नव्हते, आणि माझ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भक्तिसाहित्याची एक संपूर्ण प्रश्नपत्रिका होती.

जुनागढ हा शब्द माझ्या पिढीला आणखी एका कारणाने परिचित आहे. २०१३ पर्यंत जुनागढ जिल्ह्यातच असलेल्या उना तालुक्यात, मोटा समढियाळा या गावी, ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या माणसांना मारहाण झाली, आणि चौघांना उन्यात नेऊन रस्त्यावर फोडून काढले गेले. मारणारे स्वतःला गोरक्षक म्हणवत होते. गिरनारच्या पदात गोमूत्राने अंगण सारवायला सांगितले आहे ते मी वर लिहिले. पाचशे वर्षांत गाय त्या अंगणातून हटली नाही. पण या वेळी त्या अंगणातले लोक कोणाला कीर्तनाला बोलवायला गेले नाहीत. मेलेली जनावरे त्यांनी उचलायचे सोडले, सुरेंद्रनगरला कचेरीपुढे आणून टाकली, आणि २६ एप्रिल २०१८ रोजी मार खाल्लेल्या कुटुंबाने आपल्याच गावी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परपीडा जाणणारा येईल याची वाट त्यांनी पाहिली नाही.

ह्या सर्वाचा अर्थ नरसी मेहतांना टाकून द्यावे असा मी काढत नाही. मी त्या मुलीला गिरनारचे पद मराठीत सांगितले तेव्हा तिने गोमूत्राचा भाग दोनदा विचारून घेतला, आणि मग म्हणाली, "तरी गेला ना तो?" गेले, हे खरे आहे. येत्या २ ऑक्टोबरला 'वैष्णव जन'बरोबर तेही पद म्हणावे असे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवले आहे. गुजराती उच्चार त्या एका जुन्या ध्वनिफितीवरून बसवीत आहेत. कार्यक्रमपत्रिका मंजुरीला गेली तेव्हा, त्यातले जातीचे नाव असलेले कडवे गाळून उरलेले म्हणता येईल का, अशी विचारणा आली. मुलींनी ते कडवे गाळायचे नाही असे लिहून दिले आहे. पत्रिका अजून परत आलेली नाही.